अकरावी कलाने काढलेलं बायजाबाईंचं स्वभावचित्र

आंबागड, ता. तुमसर
धान मळून झाल्यावरचा दुसरा रविवार

तीर्थरूप मोठ्या आईस,

घनश्यामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मोठ्या बाबांनाही सांग, पण ते जेवायला बसले असताना सांगू नको. मागच्या वेळी माझं नाव निघालं आणि त्यांना ठसका लागला म्हणे. तुझी कंबर कशी आहे? तेल चोळून घेतेस की तेलाची बाटली नुसती उशाशी ठेवतेस? मोठ्या बाबांचा माग बंद झाल्यापासून त्यांना दुपारची झोप येत नाही असं कळलं. धोट्याच्या खटखटीत जन्म गेला, आता शांततेत डोळा कसा लागणार? त्यांच्या खोलीशेजारी कोणी पिठाची गिरणी टाकत असेल तर विरोध करू नका.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. एक तर तुला फोनवर ऐकू येत नाही (तू 'हो हो' म्हणतेस, पण चुकीच्या जागी म्हणतेस). दुसरं म्हणजे या किल्ल्याच्या पायथ्याशी मोबाईलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते. तिथे उभं राहून मी तुझ्या कंबरेची चौकशी ओरडून केली, तर दुसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या सगळ्या बाया मला औषध सांगतात. म्हणून पत्र. पुस्तकी भाषेत लिहितोय म्हणून रागावू नको, मराठीचा मास्तर आहे, पेन हातात घेतलं की असंच उतरतं.

तर इथे जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. आमच्या विद्यालयाला अकरावी-बारावी जोडलेली आहे आणि अकरावी कलाची मराठी माझ्याकडे आहे. मुलं गुणी आहेत, पण स्वभावचित्र लिहायला सांगितलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "प्रस्तुत पात्र प्रेमळ, कष्टाळू व स्वाभिमानी आहे." धड्यात सासू असो, शिपाई असो, गावाला लुबाडणारा सावकार असो, सगळे प्रेमळ, कष्टाळू व स्वाभिमानी. एका धड्यात बैल होता, त्यालाही हेच लिहिलं. (बैलाच्या बाबतीत मला काही खोडता येईना, मी पूर्ण गुण दिले.) कथेचा आशय विचारला तर आणखी सोपं. कथेत जी वस्तू असेल ती जपून वापरावी, असा तो आशय.

या महिन्यात आम्ही एका म्हाताऱ्या काकूची कथा वाचली. ही काकू गावाच्या टोकाला एकटी राहते. संध्याकाळी कोणी दाराशी आलं की ती दिवा मालवते, म्हणजे घरात कोणी नाही असं वाटून पाहुणा परत जावा. एकदा तिचा भाऊ बऱ्याच वर्षांनी भेटायला येतो, अंधार बघतो, हाका मारतो आणि निघून जातो. सकाळी तिला उंबऱ्याबाहेर माहेरच्या बोरांची पुडी दिसते. एवढीच कथा. मी ती वाचून दाखवली. पुस्तक मिटून मी आशय विचारला. अतुल नावाचा एक उंच मुलगा आहे, मागच्या बाकावर बसतो आणि तिथून पुढच्या बाकापर्यंत पाय पसरतो. तो उभा राहून म्हणाला, रॉकेल जपून वापरावं.

तेव्हा मला वाटलं, ही मुलं पुस्तकातली माणसं माणसं म्हणून बघतच नाहीत. (बी. एड. ला आम्हाला एक सर होते, ते म्हणायचे की साहित्य जीवनाशी जोडा. ते स्वतः वर्गात आम्हाला काही जोडून दाखवत नव्हते, पण सांगायचे फार सुंदर.) म्हणून मी गृहपाठ दिला: या काकूसारखी व्यक्ती तुमच्या परिसरात शोधा आणि तिचं स्वभावचित्र लिहा. प्रेमळ, कष्टाळू व स्वाभिमानी हे तिन्ही शब्द वापरायला बंदी.

मोठी आई, गावात मास्तरने कधीही असा गृहपाठ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी वह्या घेतल्या आणि वाचायला लागलो, तर निम्म्याहून जास्त वर्गाने एकाच बाईवर लिहिलं होतं. ती बाई म्हणजे बायजाबाई, माझी घरमालकीण. तुला मागे सांगितलं होतं की मी मागच्या खोलीत राहतो आणि जेवणही त्यांच्याकडेच आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नागपूरला नोकरीत, थोडी धानाची शेती त्या स्वतः बघतात. सकाळी 'जयभीम गुरुजी' म्हणतात, तो सुद्धा आटोपशीर. भात वाटीने वाढतात आणि दुसरी वाटी मागितली की आधी माझ्या पोटाकडे बघून अंदाज घेतात. सुतळीचा तुकडा, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, तुटलेल्या छत्रीची काडी, काही म्हणून टाकत नाहीत. पण मला कधी उपाशी ठेवलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

मी चांगल्या स्वभावचित्राचा नमुना म्हणून अतुलची वही मोठ्याने वाचली. लिहिलं होतं फार झकास. 'आमच्या गावची चिकट बायजाबाई कुत्रा पाळत नाही. कुत्र्याले भात घालावा लागते. म्हणून रात्री बाई स्वतःच खोकलते, म्हणजे चोराले वाटते की घर जागं आहे. तिच्या घरी आरसा आहे, पण तो फडक्याने झाकून ठेवते, पाहून पाहून झिजेल म्हणून.' सगळा वर्ग हसून लोळला. मीही हसलो. 'निरीक्षण उत्तम' असा शेरा मारला आणि खाली लाल रेघ ओढली.

शाळा सुटायच्या आत तो आरसा आणि तो खोकला साऱ्या आंबागडात फिरून आला होता. मुलांनी मधल्या सुट्टीत जेवायला घरी जाऊन आईला सांगितलं, आईने विहिरीवर सांगितलं, आणि त्यात 'मास्तरने लाल पेनाने बरोबर म्हटलं' हेही जोडलं गेलं. म्हणजे आता तो नुसता टोमणा राहिला नव्हता, त्यावर शिक्का बसला होता.

संध्याकाळी मी घरी गेलो. वाटलं, आज सामान अंगणात असणार. पण बायजाबाईंनी पाट मांडला, ताट ठेवलं आणि भात वाढायला लागल्या. वाटी कुठे दिसेना, सरळ भाताच्या गंजातून पळीने. मी पुरे म्हटलं तरी पळी थांबेना. मग लाखोळीच्या डाळीचे वडे, मग वांग्याची भाजी, मग पुन्हा भात. मी मान खाली घालून जेवलो, कारण मान वर केली की समोर आणखी एक वडा असायचा. दुसऱ्या दिवशीही तेच आणि तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. एक शब्द न बोलता त्या मला वाढत होत्या, आणि वाढताना अशा बघत होत्या की लिही म्हणावं आता, लिही काय लिहायचं ते. (माझ्या पोटाचं काय झालं ते मोठ्या बाबांसमोर वाचू नको. एवढंच सांगतो की त्या आठवड्यात अकरावीचे दोन तास सुपारी चघळत आणि एक तास घाईघाईने झाला.)

हे माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण त्यांनी गावालाही वाटायला सुरुवात केली. परसातली वांगी टोपलीत घालून घरोघर गेल्या. लोक घाबरले. शेजारच्या हिरालालने तर फुकटचं वांगं आधी शेळीला घातलं आणि ती नीट चालते का हे बघून मग भाजी केली. एकदा शेळी धडधाकट आहे हे कळल्यावर मात्र गाव सरसावलं. कोणी शिडी मागून नेली, कोणी लग्नात भात शिजवायचा मोठा गंज, कोणी ताडपत्री. पूर्वी त्या शिडी द्यायच्या तर बदल्यात मागणाऱ्याची सायकल अंगणात ठेवून घ्यायच्या. आता नुसतीच देत होत्या. पण देताना हात सुटायचा नाही गं. हिरालालने शिडी धरलेली, बायजाबाईंनीही धरलेली, दोघंही तशीच उभी, आणि मग एकदम त्या सोडून घरात निघून जायच्या. परत आणून द्यायचं कोणी नाव काढेना. घर रिकामं होत चाललं आणि बाई वाळत चालल्या. मला ढीगभर भात वाढून स्वतः नुसती चूळ भरून उठायच्या.

इकडे आमचे मुख्याध्यापक गोपाळराव यांना वेगळीच काळजी. त्यांनी मला कार्यालयात बोलावलं, दार लोटलं आणि खिडकीही लावून घेतली. मला वाटलं, आता नोटीस. पण त्यांनी हळूच विचारलं की मुलांनी आपल्यावर काही लिहिलं आहे का. मी नाही म्हटलं तर चेहरा पडला. पुढच्या वेळी 'ध्येयवादी व्यक्ती' असा विषय द्यावा असं त्यांनी सुचवलं आणि तेव्हापासून ते अकरावीच्या खिडकीसमोरूनच ये-जा करतात. एकदा तर वर्गाला दिसेल अशा बेताने थांबून त्यांनी एका मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगा रडायला लागला, कारण गोपाळराव जवळ आले की पुढे काय होतं हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

शेवटी मनाली माझ्याकडे आली. ही मुलगी वर्गात फार बोलत नाही. तिने बायजाबाईंवर लिहिलं नव्हतं, तिने आपल्या काकावर लिहिलं होतं (काका बिचारा मध्य प्रदेशात असतो, त्याच्यापर्यंत पोचलं नाही). तिने बायजाबाईंना बाजाराच्या दिवशी रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं होतं. विकायला वांगी शिल्लक नव्हती, म्हणून नुसत्याच जागा धरून बसल्या होत्या.

"सर, ते काय करते, हे साऱ्यांनी लिहिलं," मनाली म्हणाली. "काहून करते, हे कोनीच नाई विचारलं. अतुलने बी नाई, अन् तुम्ही बी नाई."

मी म्हटलं, आता काय करायचं? ती म्हणाली, विचारायचं. मी म्हटलं, तू विचार. ती म्हणाली, गृहपाठ तुम्ही दिला. मोठी आई, या वयाच्या मुलींशी वाद घालू नये. त्या संध्याकाळी ताटावर बसण्याआधी मी बायजाबाईंना म्हटलं की माझं चुकलं, मी हसलो तेही चुकलं, आणि तुम्ही वर्गात येऊन मुलांना दोन शब्द सांगाल का. त्यांनी पळी खाली ठेवली. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, आधी ती गोष्ट ऐकीन, मग बोलीन.

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून आल्या आणि थेट माझ्या खुर्चीत बसल्या. मी फळ्याजवळ उभा. अतुलने पाय आत घेतले होते. मी कथा वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भाऊ हाका मारतो तिथे बायजाबाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, तिच्या घरात द्यायला काही नसेल, म्हणून लाजेने मालवत असेल दिवा, असं नाही का होऊ शकत? मला तो मुद्दा एकदम पटला, मी खडू उचलून फळ्यावर लिहायलाही घेतला. तेवढ्यात मनाली उठली आणि पान उघडून म्हणाली की आजी, दुसऱ्या परिच्छेदात तिच्या घरी तांदळाचा भरलेला हंडा आहे. बायजाबाईंनी तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

"मंग चिकटच हाये," त्या म्हणाल्या.

मी लिहिलेलं पुसलं. वर्ग हसला, पण या वेळी बायजाबाईही किंचित हसल्या. मग त्यांनी अतुलला उभं केलं. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की खोकला दम्याचा आहे, चोरासाठी नाही, आणि विश्वास नसेल तर थंडीत एक रात्र तो खोकला घेऊन बघ. आरशाचं म्हणशील तर खिडकीतून एक चिमणी आत येते. आरशातल्या चिमणीशी भांडते, चोच मारून मारून रक्त काढते. एक अशीच मेली. म्हणून फडकं. अतुल खाली बसायला लागला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या:

"चिकट मी हावोच. ते खोटं नाई लिहिलं तुमी. पन मी दिवा नाई मालवत. दार उघडून तोंडावर नाई म्हनाची माही रीत हाये. माह्या दारातून मानूस रिकाम्या हातानं जाते, पन बाई घरात नाई असं समजून नाई जात."

ज्या दोन बायकांना आम्ही सगळ्यांनी एकाच पोत्यात भरलं होतं, त्या किती वेगळ्या आहेत हे आता पोरांना कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. मागून अतुलने विचारलं की आजी, मी पुन्हा लिहू का? त्या म्हणाल्या, लिही, आणि चिकट शब्द राहू दे, खोकला काढ. मग खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि जाता जाता, जसं काही सहज आठवलं, तसं म्हणाल्या की शिडी, गंज आणि ताडपत्री ज्यांच्या घरी आहे त्यांनी दिवस मावळायच्या आत आणून द्यावी.

सगळं परत आलं. हिरालालने शिडी आणली तेव्हा बायजाबाईंनी तिच्या पायऱ्या हात फिरवून तपासल्या आणि एक पायरी हलते असं त्याला तोंडावर सांगितलं. त्यांचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रात्री ताटात पुन्हा वाटी आली. भाताचा डोंगर गेला. मी समाधानाने जेवलो, आणि दुसरी वाटी मागायची हिंमत केली नाही. आणि वर्गात मुलं आता एकेका पात्राचा असा कीस काढतात की धडा पुढे सरकत नाही. सावकाराला त्याची आई लहानपणी काय म्हणायची, असं परवा एकाने विचारलं. अभ्यासक्रम मागे पडला आहे, पण मी खुशीत आहे.

बाकी इकडे सर्व ठीक. थंडी आहे, पोपटीच्या शेंगा चांगल्या आल्या आहेत, येताना आणीन. तब्येतीला जपा. मोठ्या बाबांना गिरणीचं सांग.

तुझा
घनश्याम

ता. क. एक सांगायचं राहिलं. बायजाबाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या की गुरुजी, पोरांनी आपापली माणसं दिली, तुमचं कोण? सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला सुटका नव्हती. मी तुझं स्वभावचित्र सांगितलं. खरंच सांगितलं, फक्त थोडं ताणलं. तुझा आवाज आमच्या अंगणातून निघाला की वैनगंगेच्या घाटावरचे लोक आंघोळ आटोपती घेतात, असं म्हटलं. माणूस दारात दिसला की तू आधी 'मुडद्या' म्हणून त्याची सात पिढ्यांसह हजेरी घेतेस आणि मग पोटभर जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीस, हेही सांगितलं. पोरांना तू फार आवडलीस. अतुलने तुझ्यावर पान भरून लिहिलंय, तुला न बघता.

ता. क. दुसरा. आता बघितल्याशिवाय लिहिलेलं चालत नाही, असा आमच्या वर्गात नियम झाला आहे. म्हणून यंदाची सहल तुमच्या पवनीला काढली. दगडी तट बघायचा, नदी बघायची आणि मग तुला बघायचं, अशी ती आखली आहे. गोपाळरावांनी सही केली, स्वतःही येताहेत (शुभ्र कपड्यात). बायजाबाईही बसमध्ये आहेत. मुलं डबे आणतील, तू फक्त वरण-भाताचं बघ. पण खरी विनंती जेवणाची नाही. पाहुणे आले की तू हल्ली गोड बोलतेस असं ऐकतो. तसं कृपा करून करू नको. मला सगळ्यांदेखत दारातच झाप. नाहीतर अकरावी कलासमोर मी खोटा ठरेन, आणि यानंतर ही मुलं माझ्या कुठल्याच धड्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

ता. क. तिसरा. सहलीच्या गडबडीत पत्र टपालात टाकायचं राहून गेलं. ते मी मनालीच्या हाती देऊन पुढे पाठवतोय. तुझ्यासमोर उभी आहे ती हीच. बस तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि मी खांबाच्या मागे आहे. इथपर्यंत वाचून झालं असेल, तर चष्मा काढ आणि सुरू कर.